रिकाम्या जागी शून्य

ऑफिसात त्याला सगळे कुलूप म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तोही बिनतक्रार ओ द्यायचा. हे नाव त्याला कामामुळे पडलं. आमची रक्त-लघवी तपासणारी मोठी लॅब आहे. शहरातले आणि आजूबाजूचे दवाखाने आमच्याकडे नमुने पाठवतात, आणि तपासणी झाली की रिपोर्ट आमच्या संगणकातून थेट दवाखान्याच्या संगणकात जाऊन पडतो. हे दोन संगणक एकमेकांशी बोलतात ते ठरवून दिलेल्या भाषेत. कुठली माहिती कोणत्या नावाने जाईल, कशामागून काय येईल, कुठली जागा रिकामी सोडलेली चालेल, हे सगळं एका करारात लिहिलेलं असतं. तो करार कुलपाच्या ताब्यात होता, आणि तो त्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

एकदा नव्याने आलेल्या कुणीतरी त्यातल्या एका शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं दाखवलं आणि म्हणाला, सुधारून टाकू. कुलपाने चष्मा कपाळावर चढवला. "हे चुकलेलं स्पेलिंग एवढ्या दवाखान्यांनी पाठ केलंय. आता तेच बरोबर."

मी लॅबमध्ये फोनवर बसते. दवाखान्यांना काही अडलं की पहिला फोन मला येतो. कुलपाचं टेबल माझ्या शेजारी, मध्ये फक्त एक कपाट. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मला तो ताई म्हणतो. डबा आम्ही बरोबर खायचो, त्यामुळे त्याच्या घरचं मला बरंच माहीत होतं. तो अगदी लहान असताना वडील गेले. आईने शिवणकाम केलं. दहा-बारा वर्षांनी मोठा असलेला भाऊ शाळा अर्धवट सोडून बस डेपोच्या वर्कशॉपला लागला आणि त्याने धाकट्याला शिकवलं. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. "दादा नसता तर मी आज पंक्चर काढत बसलो असतो," असं कुलूप म्हणायचा. दादा एकदा ऑफिसात आला होता. दारात मावेल की नाही असा माणूस. आवाज असा की खालच्या मजल्यावरचे वर बघायला आले.

गेल्या वर्षी आमच्याकडे जनरेटर बदलायचं ठरलं. हे ऐकून आमचा शिपाई तळघरात जाऊन डिझेलच्या जनरेटरवरची धूळ पुसून आला. त्याला कुणीतरी समजावलं की हा वेगळा जनरेटर. करार हातात दिला की तो वाचून त्याप्रमाणे प्रोग्रॅमचा कोड आपोआप लिहून देणारं हे साधन. माणसाने हाताने लिहायचा कंटाळवाणा कोड ते चुटकीसरशी लिहितं. आमच्याकडचं साधन फार जुनं झालं होतं. बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं, त्यातली सुरक्षेची भोकं कुणी बुजवत नव्हतं, आणि नव्या सर्व्हरवर ते चालणारही नव्हतं.

आमच्या विभागप्रमुख बाई वर्षभर मागे लागल्या होत्या. कुलूप टाळत होता. शेवटी त्यालाही पटलं. "करायचंच तर मीच करतो," म्हणाला.

आणि त्याने ते नीट केलं, हे मी छातीठोक सांगेन. कराराच्या एका अक्षराला त्याने धक्का लावला नाही. नव्या जनरेटरला तोच जुना करार दिला, त्याने नवा कोड लिहून दिला. आमच्याकडे चाचण्या घेणारी एक मुलगी आहे, तिला आम्ही शंका म्हणतो, कारण तिचं कुठल्याच गोष्टीने समाधान होत नाही. तिने आठवडाभर कोडाला पिळून काढलं. लॅबच्या बाजूने रिपोर्ट पाठवायचा, दवाखान्याच्या बाजूने तो उघडून बघायचा. प्रत्येक चाचणी पास. शंकासुद्धा म्हणाली की काही सापडत नाही, आणि हे ती म्हणाली म्हणून सगळे निश्चिंत झालो. सुट्टीच्या दिवशी सकाळी कुलपाने नवा कोड चढवला आणि घरी जाऊन मुलीची सायकल दुरुस्त करत बसला.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर बसले न बसले तोच एका दवाखान्यातली नर्स म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे एका माणसाचं हिमोग्लोबिन शून्य आलंय."

"शून्य?"

"शून्य. आणि माणूस समोर बसून पेपर वाचतोय."

मी तक्रार लिहून घेतली आणि कुलपाला सांगायला उठले. त्याची खुर्ची रिकामी होती. चहाचा कप भरलेला, त्यातून वाफ निघत होती. बाई म्हणाल्या, आत्ताच त्याच्या वहिनीचा फोन आला आणि तो जिना उतरून पळाला. दादाला वर्कशॉपमधून उचलून हॉस्पिटलात नेलंय.

पुढचं मला कुलपाने नंतर सांगितलं, एकदा नाही, अनेकदा. मला वाटतं, बोलून बोलून त्याला ते स्वतःलाच पटवायचं होतं.

दादाला बढती मिळायची होती म्हणून डेपोच्या दवाखान्यात त्याची तपासणी झाली होती. रक्त आमच्याच लॅबला आलं होतं. सकाळी दवाखान्याच्या संगणकावर रिपोर्ट उघडला तर प्लेटलेटच्या पुढे लाल अक्षरात शून्य. तिथल्या डॉक्टरांनी गाडी पाठवून दादाला उचललं ते थेट एका बसच्या खालून. हॉस्पिटलात कुलूप पोचला तेव्हा दादा पलंगावर उताणा पडून होता. अंगात वर्कशॉपचे कपडे, हात कोपरापर्यंत काळे, बुटांनाही ग्रीस. वहिनी उशाशी उभी. एक तरुण डॉक्टरीणबाई सांगत होती, "रक्त थांबवणाऱ्या ज्या पेशी असतात त्या यांच्या रिपोर्टमध्ये अजिबात नाहीत. रिपोर्ट चुकीचाही असू शकतो, म्हणून मी परत रक्त पाठवलंय. पण ते येईपर्यंत यांना हलू देऊ नका. साधा धक्का लागला तरी आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो."

ती गेल्यावर दादा छताकडे बघत म्हणाला, "पोरं म्हणत होती, दादा, हलू नका. मी म्हटलं, अरे, वर बस आहे, हलू नको तर काय करू."

कुणी हसलं नाही. दादाचा आवाज नेहमीच्या निम्माच येत होता. 

"तू जरा पाणी घेऊन ये," दादा वहिनीला म्हणाला.

"हे काय, बाटली इथेच आहे."

"गार आण."

वहिनीने दोघांकडे पाहिलं आणि ती गेली. दादाने कुलपाचं मनगट धरलं.

"ऐक. मध्ये बोलू नकोस. बाबा गेलेले नाहीत."

"कुठे गेलेले नाहीत?"

"वारलेले नाहीत रे. आहेत ते."

कुलपाला वाटलं, डोक्यात रक्तस्राव सुरू झाला आणि हा बरळतोय. तो डॉक्टरला हाक मारायला उठणार, तर दादाने मनगट सोडलं नाही.

"मी शुद्धीत आहे. बस. तू जेमतेम चालायला लागला होतास तेव्हा ते घर सोडून गेले. दुसऱ्या एका बाईबरोबर संसार मांडला. आईने तुला सांगितलं, वारले. आपण घर बदललं, तिथल्या लोकांनाही तेच सांगितलं. मला सगळं माहीत होतं, मी होतो ना तिथे. आईने माझ्याकडून शब्द घेतला, धाकट्याला कधी कळू द्यायचं नाही. ती बाई पुढे वारली. आता ते एकटे असतात. नदीपलीकडच्या गावात, धोब्याच्या दुकानावर खोली आहे. मी वर्षातून एकदा जाऊन येतो."

"सुटे भाग आणायला जातोस ते..."

"तेच. मला काही झालं तर कुणीतरी जायला हवं त्यांच्याकडे. दुसरं कुणी नाही त्यांना."

कुलपाच्या लहानपणच्या घरात भिंतीवर वडिलांचा फोटो होता. परीक्षेला जाताना तो त्या फोटोला नमस्कार करून जायचा. आई शेजारी उभी राहून बघायची. हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिथेच अडकून बसलं. रडू येईना, राग येईना. पलंगाच्या चाकाला एक दोरा गुंडाळला गेला होता, तो दोरा तो बघत राहिला. किती वेळ, त्याला सांगता येत नाही.

मग एक नर्स चाकाच्या टेबलावरचा संगणक ढकलत आली. तिला दादाचं वय तपासून बघायचं होतं. तिने डेपोच्या दवाखान्याकडून आलेला रिपोर्ट उघडला आणि कुलपाची नजर सवयीने पडद्यावर गेली. प्लेटलेट, शून्य. तिने पान खाली सरकवलं. खाली ज्या तपासण्या सांगितल्याच नव्हत्या त्यांच्याही पुढे शून्य. थायरॉइड शून्य. आणि अगदी तळाशी, गर्भाचे आठवडे, शून्य.

"थांबा," कुलूप म्हणाला. "परत खाली घ्या."

गर्भाचे आठवडे, शून्य. माणसाचं नाव दादाचं.

त्या क्षणी त्याला सगळं दिसलं. करारात लिहिलं होतं की हे आकडे असले तर पाठवा, नसले तर पाठवू नका. जुना जनरेटर असा कोड लिहायचा की आकडा नसेल तर ती ओळच जायची नाही. नव्या जनरेटरच्या लेखी आकड्याच्या जागेत काही ना काही असायलाच हवं, म्हणून जिथे काही नाही तिथे तो शून्य भरून पाठवत होता. दादाचा रक्ताचा नमुना, हे नंतर लॅबमधून कळलं, नळीतच गोठला होता, प्लेटलेट मोजताच आल्या नव्हत्या, दुसरा नमुना मागवायचा होता. मोजलं नाही, याचं दवाखान्यात पोचेपर्यंत झालं, एकही नाही. आणि चाचण्या पास झाल्या होत्या, कारण शंकाने दवाखान्याची म्हणून जी बाजू वापरली तीही त्याच नव्या जनरेटरने लिहिलेली. पाठवणारा आणि वाचणारा एकाच घरातले, शून्य म्हणजे काही नाही हे त्यांना आपसात बरोबर कळत होतं. बाहेरच्या जुन्या दवाखान्यांना काय ऐकू जातंय ते कुणी ऐकलंच नव्हतं.

"हे शून्य खोटं आहे," तो डॉक्टरीणबाईला गाठून म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"ते मी पाठवलंय."

तिला अर्थातच काही कळलं नाही. त्याने समजावून सांगितलं, तळाची ओळ दाखवली. ती ओळ बघून तिने आधी ओठ दाबले, मग तिचा चेहरा उतरला. "मी वरचं बघूनच धावले," ती म्हणाली. "तरी नवा रिपोर्ट आल्याशिवाय मी यांना उठू देणार नाही." ते तिचं बरोबरच होतं.

त्याने कॉरिडॉरमधून मला फोन केला. मी त्याचा आवाज ओळखला नाही. "ताई, जिथे जिथे रिपोर्ट गेलाय तिथे फोन करा. लाल शून्य दिसलं तर विश्वास ठेवू नका म्हणावं. काही औषध देऊ नका म्हणावं. आणि बाईंना द्या." बाईंनी ऐकलं आणि स्वतः बसून जुना कोड परत चढवला. आम्ही सगळे, शिपाईसुद्धा, फोन घेऊन बसलो. बहुतेक ठिकाणी डॉक्टर हसले होते किंवा परत रक्त काढून घेतलं होतं. पण एका दवाखान्यात एका निवृत्त पोस्टमनच्या रिपोर्टमध्ये साखर शून्य आली होती. त्यांना आधीपासून मधुमेह. ते घेरी येते म्हणत होते, आणि घाबरलेल्या कंपाउंडरने त्यांना ग्लुकोज लावलं होतं. मी फोन केला तेव्हा साखर फार चढल्याने त्यांना मोठ्या हॉस्पिटलात हलवत होते.

मी फोन खाली ठेवला आणि बाईंना सांगितलं. त्यांनी त्या हॉस्पिटलचा नंबर स्वतः फिरवला.

तिकडे दादाचा नवा रिपोर्ट आला. प्लेटलेट भरपूर, बाकी सगळंही ठणठणीत. डॉक्टरीणबाईने हसून सांगितलं आणि ती गेली. कुलूप पलंगाजवळ बसला.

"दादा, तुला काही झालेलं नाही. चूक आमच्या प्रोग्रॅमची होती. माझी होती."

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी उगाच बोललो."

"उगाच?"

"आईला शब्द दिला होता. इतकी वर्षं जिभेवर दगड ठेवला. आणि तुझ्या एका शून्यासाठी..." तो उठून बसला, बूट जमिनीला टेकवले. "चल, मला डेपोत सोड. अर्धी गाडी उघडी टाकून आलोय."

"दादा, मला आधी सांग की..."

"मी काही सांगितलेलं नाही," दादा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून शर्टाची बटणं लावू लागला.

एवढ्यात वहिनी आली, हातात गार बाटली.

पुढचे काही आठवडे दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. इकडे पोस्टमनचे हाल होऊन अखेर ते बरे झाले. कुलूप त्यांना भेटायला गेला. बाई म्हणाल्या होत्या, लॅबतर्फे मी जाईन, पण तो ऐकेना. पोस्टमनच्या मुलीने त्याला दारातच थांबवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत, बरं केलंत. पण आत येऊ नका. बाबांना आत्ता कुठे झोप लागलीय." तो जिन्यात उभा राहून परत आला. त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही.

काम मात्र त्याने सोडलं नाही, उलट त्यात डोकं खुपसलं. तो आणि शंका यांनी मिळून, जुन्या जनरेटरच्या काळात खरोखर बाहेर गेलेले रिपोर्ट शोधून काढले, त्यातली रुग्णांची ओळख पुसली आणि ते जसेच्या तसे जपून ठेवले. नवं साधन कुठलंही येऊ दे, त्याने त्याच माहितीवरून अक्षर न अक्षर तेच लिहून दाखवायचं, आणि जिथे जुन्यात काही नव्हतं तिथे नव्यातही काही नको. शिवाय जनरेटरचा कोड आता थेट बाहेर बोलत नाही. मध्ये कुलपाने हाताने लिहिलेला एक पातळ थर आहे, बाहेर काय जाणार ते तो थर ठरवतो. आतलं साधन बदललं तरी बाहेरच्याला कळत नाही. एका दवाखान्याकडून त्यांनी अडगळीतला जुना संगणक मागून आणला, त्यांच्या जुन्या प्रोग्रॅमसकट, आणि तो कोपऱ्यात लावला. दवाखान्याला रिपोर्ट कसा दिसतो ते आता शंका त्याच संगणकावर बघते. काही महिन्यांनी त्यांनी परत नवा जनरेटर आणला. आधी एकाच दवाखान्याला जोडला, तिथे आठवडाभर सगळं ठीक चाललंय हे बघितलं, मग दुसऱ्याला. सगळीकडे पोचेपर्यंत बाईंनी घाई केली नाही.

त्याआधीच, अबोल्याच्या काही आठवड्यांनी, दादा एका रविवारी स्वतःच कुलपाच्या दारात येऊन उभा राहिला. मागे वहिनी. "चल," म्हणाला, "बघायचंय ना तुला?"

कुलपाने वहिनीकडे पाहिलं. तिच्यासमोर कसं बोलायचं, त्याला कळेना.

"मला कधीचं माहीत आहे," वहिनी म्हणाली. "सुटे भाग आणायला गेलेला माणूस दरवर्षी रिकाम्या हाताने परत येतो. मला काय समजत नाही?"

दादाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कुलूप म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदा त्याने दादाला गप्प झालेलं पाहिलं ते हॉस्पिटलात, आणि दुसऱ्यांदा हे.

धोब्याच्या दुकानाशेजारून अरुंद जिना होता. इस्त्रीची गरम हवा वरपर्यंत येत होती. खोलीत एक खाट, एक खिडकी, खिडकीत वाळत घातलेला एकच सदरा. म्हातारा खाटेवर बसून कान देऊन ऐकत होता, कारण त्याला फारसं दिसत नव्हतं. पावलं मोजल्यासारखी मान हलवत तो म्हणाला, "आज तिघं?"

"धाकटा आलाय," दादा म्हणाला.

 म्हाताऱ्याने हळूहळू हात पुढे केला, पण कुलपाकडे नाही, भलत्याच बाजूला, जिथे त्याला वाटलं तिथे. कुलूप जागचा हलला नाही. या हाताचं काय करायचं, ते त्याला उमजत नव्हतं.

"शेवटी आलास," म्हातारा म्हणाला. "मी दरवेळी विचारायचो. हा म्हणायचा, तुला माझं तोंड बघायचं नाही. मी म्हटलं, बरोबर आहे त्याचं."

कुलपाने दादाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होता, कान लालबुंद. आईला दिलेला शब्द राखायला त्याने दुसऱ्या टोकाला हे सांगितलं होतं, वर्षानुवर्षं. धाकट्यासाठी बाप मेलेला होता, आणि बापासाठी धाकटा पाठ फिरवून बसलेला. दोघांच्या मध्ये दादा, एकटा.

 खाली धोब्याने पाणी शिंपडल्याचा आवाज आला.

"तेव्हा यायचं नव्हतं," कुलूप म्हणाला. "आता आलोय." आणि पुढे होऊन त्याने तो हात धरला.

हे सांगताना तो म्हणाला की त्याने ते म्हाताऱ्यासाठी केलं नाही. म्हाताऱ्याला माफ केलंय का, हे त्याला अजून ठाऊक नाही. दादा खोटा पडू नये म्हणून केलं. उतरताना जिन्यातच दादाला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, अरुंद जिना, पुढे वहिनी, मागे कुलूप, आणि वरून खाली येणाऱ्या शेजाऱ्याला वाट देता येईना.

आता दोघे भाऊ महिन्यातून एकदा जातात. म्हातारा कुलपाला त्याच्या कामाबद्दल विचारतो, तो सांगतो, म्हाताऱ्याला काही कळत नाही, तरी तो पुढे विचारतो.